न धुतलेली लोकर

केराना दिमोवा आधी कास बघते, मग माणूस. सहकारी फार्मवर चोवीस वर्षं मेंढ्यांची धार काढल्यावर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. शाळेच्या नव्या बाई पहिल्यांदा तिच्याकडे दही मागायला आल्या, तेव्हा तिने त्यांना खुर्ची दिली, एकदा वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "पहिल्या वेताच्या का?" बाई भूगोल शिकवायच्या. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि दही घेऊन गेल्या. दोन वर्षांनी त्याच बाई बाळंत झाल्या, छातीला भेगा पडून रडकुंडीला आल्या, आणि त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदा पिटाळलं ते केरानाकडे.

फार्म बंद पडून अठरा वर्षं झाली. मेंढ्या वाटून टाकल्या, गोठ्यांचे पत्रे ज्याला सुचलं त्याने नेले. केरानाच्या वाट्याला सात मेंढ्या आल्या आणि उत्कृष्ट कामाचा एक पितळी बिल्ला. आजही तिच्याकडे सातच मेंढ्या आहेत; त्या पहिल्या सातांच्या नाती-पणत्या. बिल्ला कुठे आहे ते तिला ठाऊक नाही.

भेगांवरचं औषध तिला फार्मवरच सापडलं. गोर्ना लेस्का गावात तेव्हा बायकांना दोनच कामं होती, तंबाखू नाहीतर मेंढ्या. हिवाळा आला की तंबाखूच्या शेडमधल्या बायकांचे हात फाटून रक्त यायचं, आणि धार काढणाऱ्यांचे हात मात्र ताज्या पावासारखे मऊ. याचं कारण शोधायला डॉक्टर लागला नाही. मेंढीच्या अंगावरून हात फिरवला की तळव्याला पिवळसर चिकट मेण लागतं. मेंढीच्या सडाला भेग पडली, तर म्हातारे मेंढपाळ तिच्याच मानेची लोकर उपटून तिथे चोळायचे. केराना स्वतः बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी पोरीला पाजताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा तिने तेच केलं. सासूने नाक मुरडलं. केराना म्हणाली, "मेंढीला चालतं ते मला चालेल. मी काय मेंढीपेक्षा मोठी लागून गेले?"

पुढे तिने त्याची रीत बसवली. लोकर पोटाखालची नको, मानेची आणि खांद्याची. थंड ओढ्यात बुचकळत राहायचं, कचरा आणि लेंड्या निघून जाईपर्यंत. मग उन्हात वाळवायची. साबण नाही, गरम पाणी नाही. पाजून झालं की स्वतःच्याच दुधाचे चार थेंब बोंडाला लावून ते हवेवर सुकू द्यायचे, आणि मग तळहाताएवढी लोकरीची चकती चोळीच्या आत ठेवायची. बाळाला घेण्याआधी ओल्या फडक्याने टिपायचं, की एखादा केस राहायला नको.

बाकीच्या औषधांबद्दल तिची मतं ठाम होती. बिहीच्या फळाच्या बिया रात्रभर भिजवून जो बुळबुळीत चीक निघतो, तो बरा, पण वाळला की ताणतो. कोबीचं पान सुजेला उत्तम, भेगेला निरुपयोगी. गार लागतं एवढंच, आणि ते नंतर सूपमध्ये टाकू नये. मध लावणाऱ्या बाईला ती अंगणातूनच परत पाठवायची. तान्ह्याच्या तोंडात मध जाता कामा नये, हे एका नर्सने तिला एकदा सांगितलं होतं आणि केराना नर्सचं जे थोडं ऐकायची त्यातलं हे एक. राकीया, म्हणजे घरी गाळलेली दारू, चोळण्याचा सल्ला देणारे सगळे पुरुष असायचे.

ग्युर्गा टोपालोवा ही तिच्याच वयाची, शाळेत तिच्याच बाकावर बसलेली. ती तंबाखूत गेली. तंबाखूचा काळा चीक बोटांना बसला की आठ-आठ दिवस जात नाही. पावाला लागतो, उशीला लागतो. तीस वर्षं ग्युर्गाने तो चीक घासून काढला आणि चीक संपला तरी घासणं संपलं नाही. साबण ती घरीच करायची, डुकराच्या चरबीचा, विटेएवढा. तिच्या कोंबड्याही पाय पुसून अंगणात येतात असं गावात म्हणायचे.

त्या मे महिन्यात ग्युर्गाची सून नेदा आठ दिवसांच्या बाळाला घेऊन प्लोवदिव शहरातून आली. नवरा लाकडाची लॉरी चालवायचा, शनिवार-रविवारी यायचा. चाळीस दिवस सासूच्या ताब्यात राहायचं ठरलं होतं, आणि ग्युर्गाने ते चाळीस दिवस अक्षरशः पाळायला घेतले: बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, लंगोट सूर्य मावळायच्या आत दोरीवरून काढायचे, खिडकी बंद, आणि खोलीत न धुतलेली वस्तू जायची नाही. फुलं आली तर तीही नळाखाली धरून.

नेदा शहरात दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करायची. शांत मुलगी, बारीक कामाची सवय असलेली. बाळाचं नाव वेलिन. जन्मापासून अकराव्या दिवशी, सोमवारी, नर्स रालित्सा आपला पिशवीतला वजनकाटा घेऊन आली. जन्मताना तीन किलो चारशे असलेला वेलिन तीन किलो एकशे ऐंशीवर आला होता.

"पुढच्या सोमवारी परत बघू," रालित्सा म्हणाली. "तीन तीनशे नसेल तर वरचं दूध सुरू करू. त्यात काही लाज नाही."

"लाज नाहीच," नेदा म्हणाली. "पण मला पाजायचंय."

पण पाजायची वेळ आली की ती टॉवेलाची घडी दातांत धरायची. बाळ जागं होण्याची चाहूल लागली, की बाळाच्या आधी तिचेच डोळे भरायचे. ग्युर्गाने कोबी लावून पाहिला, बिहीचा चीक लावून पाहिला. मंगळवारी सकाळी ती केरानाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली; आत मात्र आली नाही.

"तुझी ती लोकर हवीय मला," ती म्हणाली.

"पोरीला बघते की येऊन."

"लोकर येऊ दे. तू नको. राग मानू नकोस बाई, पण चाळीस दिवस मेंढीचा वास मी घरात घेत नाही."

"मी कशाला राग मानते? मानला तर मेंढी मानेल." केरानाने वर्तमानपत्रात पुडी बांधून दिली. "आहे तशीच ठेवायची चोळीत. लोकरीला काही करायचं नाही."

"आता लोकर तू मला शिकवणार?" म्हणत ग्युर्गा पुडी दोन बोटांत धरून निघाली.

गुरुवारी पावाची गाडी येते. चौकात सहा-सात बायका रांगेत होत्या. ग्युर्गा पुढे, केराना शेवटी. ग्युर्गाने मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "केराना, तुझ्या औषधाने माझ्या सुनेची कातडी सोलून निघाली."

केरानाला पहिल्यांदा वाटलं, ऐकण्यात चूक झाली. इतक्या वर्षांत लोकरीचा उपयोग झाला नाही असं दोन-तीनदा झालं होतं. इजा कुणालाच झाली नव्हती.

"सोलली म्हणजे?"

"चिकटली जखमेला. ओढली तर रक्त. काल रात्रभर पोरगी एका अंगावर."

"चिकटली?" केरानाच्या डोक्यात काही बसेना. "ग्युर्गा, ती लोकर निसटते. हातात धरायला गेलं तरी निसटते. चिकटेल कशी?"

"कशी ते मला काय ठाऊक? मी तर ढगासारखी करून दिली होती. पांढरीशुभ्र. पिंजून."

"पांढरी?"

"तीन पाण्यांतून काढली. कढत पाण्यातून. वर सोडा. बाळंतिणीच्या खोलीत मी लेंड्यांचा वास जाऊ देईन होय?"

पाववाल्याने सुरी थांबवली.

"ग्युर्गा," केराना सावकाश म्हणाली, "तू औषध गटारात सोडलंस आणि रिकामी बाटली पोरीच्या छातीला बांधलीस."

आधी पाववाला हसला, मग सगळी रांग. ग्युर्गाने पिशवीची घडी केली, रांग सोडली आणि पाव न घेता चालू लागली.

वाक्य चांगलं जमलं होतं. केरानाला घरी जाताना अर्ध्या वाटेपर्यंत त्याचा आनंद पुरला. मग तिने हिशेब मांडला. आज गुरुवार, सोमवारी काटा येणार. लोकर वाया गेली होती, पण नुसत्या लोकरीचंही काही खरं नव्हतं. भेग कशामुळे पडतेय हे पाहिल्याशिवाय नुसतं मेण लावून काही होत नाही, आणि पाहायचं तर ज्या घरात जायचं, त्या घरच्या बाईचं तिने भर चौकात हसं केलं होतं.

ती परतली. पाववाल्याकडून ग्युर्गाचा पाव घेतला. घरी येऊन पातेलंभर पाणी तापवलं आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग घासलं, तेही ग्युर्गाच्याच साबणाने. दोन वर्षांपूर्वी नाताळात मिळालेली ती वीट तशीच पडून होती. मग मयताला घालायचा काळा पोशाख काढला. मेंढ्यांनी कधी न पाहिलेला तेवढाच एक कपडा तिच्याकडे होता.

दार ग्युर्गाने उघडलं. तिने आधी पाव घेतला, मग केरानाला वास घेऊन तपासलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझ्याकडे आलेय."

"हात."

केरानाने हात पुढे केले, उलटे-सुलटे.

"केस?"

"केस परवा धुतलेत."

"परवा," ग्युर्गाने तो शब्द चिमट्याने उचलावा तसा उच्चारला.

"रांगेत बोलले ते चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"मोठ्याने बोलले ते."

आतून बाळ रडायला लागलं आणि त्याच्या मागोमाग नेदाचा आवाज आला, "नको, नको, थांब ना रे जरा." ग्युर्गाने चुलीतले निखारे फावड्यावर घेऊन उंबऱ्यापाशी धरले. बाहेरची वाईट वस्तू घरात येऊ नये म्हणून ते ओलांडायचे असतात. केरानाने काळा पोशाख गुडघ्यापर्यंत उचलला आणि ओलांडले.

नेदा पलंगावर वाकून बसली होती. टॉवेल दातांत. केराना समोर स्टुलावर बसली आणि सवयीप्रमाणे आधी पाहायचं ते पाहिलं. भेग टोकाला आडवी होती, आणि बाळाने तोंड सोडल्यावर बोंड एका बाजूने चपटं झालेलं, तिरकी कापलेली पेन्सिल असावी तसं.

"कोकरू टोकाला लटकतंय," ती म्हणाली.

नेदाने टॉवेल काढला. "तो कोकरू नाहीये, आजी."

"नाही ना. कोकरू एका दिवसात शिकतं."

नेदाला हसू आलं आणि हसताना दुखलं.

"बघ," केराना म्हणाली, "पहिल्या वेताची मेंढी असते, कोकरू घाईत असतं, सडाचं टोक धरतं. टोकात काय असतं? कातडी. ते चावत बसतं, ती लाथ मारते, दोघं उपाशी. कोकराने खालून, मान मागे टाकून, तोंडभर घ्यायला हवं. तू त्याच्यावर वाकतेस. मेंढी वाकते का कधी?"

"मेंढीला वाकता येत नाही," ग्युर्गा दारातून म्हणाली.

"म्हणून तर तिला भेगा कमी."

नेदाने मागे टेकून पाहिलं. बाळाने पुन्हा टोकच धरलं. केरानाने तिला करंगळी बाळाच्या ओठांच्या कडेने आत घालायला लावली, म्हणजे पकड सुटते. ओढून काढायचं नाही. पुन्हा एकदा. पुन्हा टोक. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा नेदाचा धीर सुटला.

"मला मेंढीचं कळतच नाही, आजी. मी मेंढी जवळून पाहिलेली नाही. मी दात करते."

"दात कसे करतेस?" केरानाने विचारलं. थोडा वेळ जावा म्हणून. बाळही दमलं होतं.

"माप घेऊन. म्हणजे, मऊ लगदा भरलेली वाटी तोंडात बसवायची. पेशंट अर्धं तोंड उघडतात आणि वाटी पुढच्याच दातांवर अडकते. मग माप सगळं चुकतं. डॉक्टर म्हणतात, घाई करू नका, जांभई येईल इतकं उघडू दे. खालचा ओठ बाहेर काढायचा, आधी खाली टेकवायची, मग वर..." ती थांबली. बाळाकडे पाहिलं. "आजी, हा अर्धं तोंड उघडतोय."

"तेच सांगतेय मी तासभर."

"तुम्ही कोकराचं सांगत होतात."

नेदा मागे टेकली. बाळाचं पोट स्वतःच्या पोटाशी घेतलं, नाक बोंडासमोर येईल असं धरलं. बोंडाने त्याच्या ओठाला गुदगुल्या केल्या. त्याने थोडं तोंड उघडलं. तिने दिलं नाही. चिडून आणखी उघडलं; तरी दिलं नाही. मग तो रडायला म्हणून आ करतो न करतो तोच तिने त्याला झटकन जवळ ओढलं, हनुवटी आधी, वरचा ओठ नंतर.

बाळाचा गाल फुगला आणि घोट गेल्याचा आवाज आला. नंतर दुसरा.

"दुखतंय?" ग्युर्गाने विचारलं.

"हो." नेदा वाट बघत होती. "जुनं दुखतंय. नवीन नाही."

आता लोकरीचा प्रश्न उरला. केरानाने खिशातून पुडी काढली. पिवळट, चिकट, मेंढीच्या वासाची. ग्युर्गाने ती हातात घेतली आणि तशीच धरून उभी राहिली.

"न धुतलेलं आत जात नाही, केराना. माझ्या सासूने पाळलं, मी पाळलं."

"धुतलीय. ओढ्यात."

"साबणाशिवाय धुणं म्हणजे भिजवणं."

"मग साबण लाव आणि घे पुन्हा रक्त काढून."

"आई," नेदा हळूच म्हणाली, "मला ती हवीय."

ग्युर्गा विचार करत होती आणि विचार करता करता लोकर बोटांत फिरवत होती. तिच्या बोटांच्या पेरांना तीस वर्षांच्या भेगा होत्या. शेवटी ती देवाच्या तसबिरीकडे गेली आणि तिच्यामागून एक छोटी बाटली घेऊन आली: जानेवारीत चर्चमध्ये मंत्रून मिळालेलं पाणी, वर्षभर पुरवायचं.

केराना सावध झाली. "गार आहे ना?"

"देवाचं पाणी कुणी तापवतं का?"

तिने लोकरीवर तीनदा शिंपडलं, क्रूस केला, आणि लोकर धुतलेली ठरली. चकत्या करताना एक लहानसा बोळा तिच्या एप्रनच्या खिशात गेला. केरानाने ते पाहिलं, आणि या खेपेला ती मोठ्याने बोलली नाही.

शुक्रवारी, शनिवारी केराना रोज एकदा आली, रोज काळ्या पोशाखात. तिसऱ्या दिवशी गावात चौकशी सुरू झाली की टोपालोवांच्या घरी नक्की कोण गेलं. रविवारी ग्युर्गाचा मुलगा लॉरी घेऊन आला, तर शेजाऱ्याने कोपऱ्यावरच त्याचा हात हातात घेऊन "देव त्याला शांती देवो" म्हटलं, आणि तो घरापर्यंत धावत आला. त्यानंतर ग्युर्गाने स्वतःचा एक फुलाफुलांचा, कडक इस्त्रीचा झगा केरानासाठी दारामागे टांगून ठेवला. "आत आलीस की हा घाल. आमच्या घरावर मरण नको आणूस." झगा केरानाला दोन मापं मोठा होता.

सोमवारी रालित्सा आली. काटा टेबलावर ठेवला. नेदाने वेलिनला स्वतःच कपडे काढून ठेवलं आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली.

"तीन तीनशे चाळीस," रालित्सा म्हणाली.

"लंगोट?" ग्युर्गाने विचारलं.

"लंगोट नाहीये."

"काटा पुसला होता का आधी? मागच्या घरचं काही चिकटलेलं असेल."

रालित्साने काटा पुसला. वेलिनला पुन्हा ठेवलं. तीन तीनशे चाळीसच. नेदा खाली बसली. तिच्या पायातला एक मोजा निघाला होता, तो चढवायला तिला बराच वेळ लागला.

"वरचं दूध नको," रालित्साने लिहून घेतलं. मग पिशवीतून एक ट्यूब काढली. "भेगांसाठी. शहरात सगळ्या हीच लावतात."

नेदाने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि सासूकडे पाहिलं. "शुद्ध केलेलं लोकरीचं मेण. बाकी काही नाही."

ट्यूब हातोहात फिरली. केरानाने थोडं बोटावर घेऊन चोळलं. तेच होतं. ग्युर्गाने वास घेतला.

"वास नाही," ती म्हणाली. "म्हणजे धुतलंय."

"धुतलं तर मेण जातं," केराना म्हणाली.

"यांचं नाही गेलं."

"कारखान्यात करतात ते, मेण वेगळं काढून," रालित्साने समजावलं.

"बघ. धुता येतं. तुला येत नाही एवढंच."

केरानाकडे याला उत्तर होतं, पण अंगात ग्युर्गाचा झगा होता आणि समोर ग्युर्गाची कॉफी. तिने कॉफी घेतली. वेलिन कुरकुरायला लागला, तशी नेदाने त्याला उचललं.

"आई, ही खिडकी जरा उघडते हं," ती म्हणाली.

"चाळीस दिवस खिडकी नाही."

"पंचवीस अंश तापमान आहे बाहेर."

"वारा कुठून येतो ते तापमानाला कळत नाही."

"मग त्या वाऱ्यावर तुमचं ते पाणी शिंपडा तीनदा," नेदा म्हणाली, बाळाला जवळ ओढलं, हनुवटी आधी, "आणि मग तो पण धुतलेला होईल, नाही का? मी इथे भाजून निघतेय, हा भाजून निघतोय, केराना आजी त्या झग्यात आधीच उकडल्यात, आणि तुम्ही म्हणता खिडकी नाही."

वेलिन घोट घेत होता. त्याला अंगावर घेतानाही नेदाचं वाक्य मधे कुठेही तुटलं नव्हतं. ग्युर्गाच्या ते लक्षात आलं नाही, कारण ती उत्तर शोधत होती. रालित्साने मात्र लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि केरानाकडे पाहिलं.

"केराना आजी," ती म्हणाली, "शेजारच्या दोल्ना लेस्का गावात एक आहे. सात दिवसांची बाळंतीण, फार रडते. याल का माझ्याबरोबर?"

"पहिल्या वेताची?" केरानाने विचारलं.

"दुसऱ्या."

"मग तिला काय झालं रडायला?" केराना म्हणाली आणि झग्याची बटणं सोडू लागली.